गिरगावची हवा आणि आपल्या धरणाचे पाणी



आपल्या गावागावांतून नोकरीधंद्यासाठी मुंबईला गेलेली माणसे पुष्कळ आहेत. कुणाचा भाऊ गिरगावच्या चाळीत, तर कुणाचा मुलगा लालबाग-परळला. ही मंडळी उन्हाळ्यात गावी आली की "इथं ऊन सोसत नाही" म्हणतात आणि थंडीत आली की दोन-दोन गोधड्या मागतात. आपण तिकडे गेलो की गत वेगळी. अंग घामाने चिकचिकते आणि आपण नेलेल्या गुळाला चार दिवसांत पाणी सुटते. हा सारा समुद्राचा प्रताप, हे सर्वांना ठाऊक आहे. पण समुद्र नेमके काय करतो आणि काय करत नाही, हे ध्यानात आले म्हणजे आणखी एका गोष्टीचा उलगडा होतो. "उजनीचं एवढं पाणी साठलंय, आता आपल्याकडं पाऊसबी वाढणार," असे आपल्या भागात बोलले जाते. ते कितपत खरे?

पाणी उशिरा तापते, उशिरा निवते

वैशाखात भर दुपारी नांगरटीच्या ढेकळांवर पाय ठेववत नाही, पण शेजारच्या विहिरीचे पाणी गार असते. तेवढ्याच वजनाची कोरडी माती तापायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या चार-पाच पट उष्णता पाण्याला लागते. शिवाय लाटांमुळे वरचे पाणी खाली, खालचे वर होत राहते आणि बरीचशी उष्णता वाफ होण्यात खर्ची पडते. म्हणून समुद्र हळू तापतो आणि एकदा तापला की हळूच निवतो.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. मे महिन्यात सोलापूरचे दुपारचे तापमान सरासरी ४० अंशांच्या आसपास जाते. कुलाब्याला ते ३३-३४ अंशांवर थांबते. जानेवारीत पुण्याची पहाट ११-१२ अंशांची, तर कुलाब्याची १९ अंशांच्या आसपास. २२ जानेवारी १९६२ रोजी मुंबईत थंडीचा कडाका पडला, तेव्हा सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली आणि तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या कुलाब्याला ११.७ अंशांची. एकाच शहरात, एकाच दिवशी चार अंशांहून अधिक फरक!

दुपारचा वारा आणि गुऱ्हाळाचे चुलाण

गिरगाव चौपाटीवर उभे राहिले की समोर बॅक बेचे पाणी आणि उजव्या हाताला मलबार हिल. दुपारी समुद्रावरून गार वारा सुरू होतो. तो का येतो, हे गुऱ्हाळ चालवलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. चुलाणात चिपाडाचा जाळ चांगला लागला की गरम हवा धुराड्यातून वर जाते आणि तोंडातून बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. तसेच इथे होते. जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार, दमट हवा येते. रात्री जमीन लवकर निवते, मग जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा वाहतो.

मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी पूर्वेकडून, म्हणजे आपल्या देशावरून, कोरडा तापलेला वारा मुंबईकडे जोराने वाहतो. तो समुद्राच्या वाऱ्याला अडवून धरतो. वारा वळायला दुपार उलटली की त्या दिवशी गिरगावकरांची काहिली होते. समुद्र जागेवरच असतो, फक्त त्याचा वारा येत नाही.

मग पाऊस कोण पाडतो?

इथेच खरी मेख आहे. समुद्र बाराही महिने भरलेला असतो, तरी डिसेंबर ते एप्रिल गिरगावात पावसाचा थेंबही क्वचितच पडतो. नुसते पाणी शेजारी असून पाऊस पडत नाही. हजारो किलोमीटरवरून बाष्प घेऊन येणारे नैर्ऋत्येचे वारे लागतात आणि ती हवा उंच चढावी लागते. ते काम आपला सह्याद्री करतो. म्हणून महाबळेश्वरला पाऊस कोसळतो आणि घाट उतरून वारा सोलापूरपर्यंत येतो तेव्हा तिथे वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आसपासच पडतो. २६ जुलै २००५ ला चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम ७३. समुद्र दोघांनाही सारखाच जवळ होता.

परदेशात मोठी सरोवरे हिवाळ्यात बर्फ पाडतात, हे खरे आहे. अमेरिकेत एरी सरोवराकाठच्या बफेलो शहरात ढिगांनी बर्फ पडते. पण ते सरोवर २५ हजार चौरस किलोमीटरांहून मोठे आहे आणि त्याच्या कोमट पाण्यावरून गोठवणारा वारा वाहतो. आपल्याकडे तसा वारा नाही आणि उजनीचा फुगवटा शेकड्यांतच मोजावा लागतो.

आपण काय समजावे?

फुगवट्याच्या काठच्या शिवारात हवा थोडी दमट, थोडी सौम्य राहते. हा परिणाम काठापुरता. दुष्काळ हटवण्याची ताकद त्यात नाही. उजनी १९८० साली पुरे झाले, जायकवाडी १९७६ साली. तरी २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ आलेच. २०१६ च्या उन्हाळ्यात उजनीचे पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले.

उलट धरण हवेला पाणी देते, ते आपल्या हिश्शातले. कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सुमारे १ सेंटिमीटर घटते. १ हेक्टर पाण्यामागे हा हिशोब रोज १ लाख लिटर होतो! शेततळ्याचेही तसेच. म्हणून तळ्यावर सावली, सरीत पाचटाचे आच्छादन आणि शक्य तिथे ठिबक, एवढे केले तरी पुष्कळ पाणी वाचते.

धरण पाऊस आणत नाही, पडलेला पाऊस सांभाळून ठेवते. तेव्हा नवी लागण करताना "पाऊस वाढेल" या भरवशावर क्षेत्र वाढवू नये. धरणात पाणी किती, आपल्या वाट्याला पाळ्या किती, याचा हिशोब करावा आणि मगच सरी सोडावी.