मिशाळ महाशीर

गळ टाकून बसणाऱ्याची खरी परीक्षा महाशीर घेतो. तोंडाशी चार मिशा, दात मात्र घशात. चाहूल लागली की डोहात नाहीसा होतो. दख्खनी महाशीराला शास्त्रीय नाव कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दिले, तेही मुळा-मुठेतला मासा पाहून.

पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध चढून गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. आपल्या गोदेवर गंगापूरला आहे तशी भिंत आड आली, की वाट खुंटलीच! म्हणून लोणावळ्याला त्याची पिले मुद्दाम वाढवली. ती कावेरीत सोडली गेली, आणि तिथला मूळचा कुबडा महाशीर मागे रेटला गेला. संप मोडायला मालक बाहेरची माणसे आणीत, ते आम्हांला आठवले. दोष त्या माणसांचाही नसे.

महाडजवळ वाळणकोंडीत वरदायिनीच्या धाकाने कोणी गळ टाकत नाही. तिथे हाच भित्रा मासा कुरमुरे खायला काठाशी येतो.