रानातला रात्रीचा मुक्काम : निवारा कसा निवडावा?



उसाच्या धंद्याला रात्रीचा मुक्काम चुकलेला नाही. विजेची पाळी रात्रीची आली की दारं धरायला रानात जावंच लागतं. एकीकडे पाणी लावलं, की पुढच्या सऱ्या भरेपर्यंत तास-दीड तास मोकळा मिळतो आणि दिवसभर राबलेला माणूस जिथे जागा मिळेल तिथे आडवा होतो. कुणी बांधावर पोतं टाकतो, कुणी मोटरघराच्या कट्ट्यावर, तर कुणी सरळ पाचटाच्या ढिगावर. आंतरपीक भुईमुगाचं असलं की डुकरांच्या राखणीला आठ-आठ रात्री काढाव्या लागतात. आषाढीला दिंडीबरोबर चालणाऱ्या मंडळींचा मुक्कामही उघड्यावरच असतो.

या मुक्कामासाठी हलका, स्वस्त आणि सहज उचलून नेता येईल असा निवारा कोणता घ्यावा? बाजारात आता नाना तऱ्हेच्या ताडपत्र्या आणि घडीचे तंबू आले आहेत. पण छप्पर कसलं घ्यायचं हे ठरवण्याआधी अंथरूण कशावर टाकायचं हे ठरवलं पाहिजे, असं आमचं सांगणं आहे. रानातला चांगला निवारा म्हणजे तीन वस्तू : जमिनीपासून उचललेली बाज, तिच्यावर चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी आणि त्यावर ताडपत्री. पैसे थोडे असतील तर खरेदीचा क्रमही हाच ठेवावा.

धोका खालून येतो

पाऊस आणि दव वरून येतात, ते डोळ्यांना दिसतात, म्हणून आपण आधी छपराकडे धावतो. जिवावर बेतणारी गोष्ट मात्र बहुतेक वेळा जमिनीवरून सरपटत येते. आपल्याकडच्या चार प्रमुख विषारी सापांत नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे येतात. त्यातली मण्यार ही झोपलेल्या माणसाची खरी वैरीण. काळसर चकचकीत अंग, त्यावर पांढरे आडवे पट्टे. दिवसा ती दडून असते, रात्री भक्ष्याच्या शोधात हिंडते आणि हिंडता हिंडता जमिनीवरच्या अंथरुणात शिरते. झोपलेल्या माणसाने कूस बदलली, अंगाखाली ती दाबली गेली, की चावते.

तिचा दंश पुष्कळदा कळतच नाही. दात बारीक, सूज नाही, ठणका नाही. चावलेली खूणही कधी कधी सापडत नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो. मग पापण्या जड होतात, बोलणं जड होतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास अडतो. घरची माणसं समजतात, रात्रीचं जेवण बाधलं. त्यात मोलाचा वेळ जातो.

हा धोका किती मोठा आहे ते आकड्यांवरून दिसेल. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. यातली बहुतेक माणसं खेड्यातली, आणि सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले. २०२४ साली केंद्र सरकारने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. आराखडा सरकारचा असला, तरी रात्री अंथरूण कुठे टाकायचं हे आपल्याच हातात आहे.

आता कोणी म्हणेल, आमच्या आज्याने सारी हयात बांधावर झोपून काढली, त्याला कधी काही झालं नाही. नसेल झालं. पण ज्या घरात झालं, त्या घरचा आजा ते सांगायला आज बसलेला नाही.

बाज आणि मच्छरदाणी

बाज सुतळीची असो, काथ्याची असो की नवारीची. ती जमिनीपासून निदान हातभर उंच असावी. घडीची लोखंडी खाट मोटारसायकलवर बांधून नेता येते. रोजच्या रानात मात्र जुनी लाकडी बाज मोटरघरात कायमची ठेवलेली बरी. तिच्या चारी पायांना कामट्या किंवा बांबू उभे बांधावेत आणि त्यांच्या शेंड्यांना मच्छरदाणीचे बंद अडकवावेत. बाजेची वीण मोकळी असते, म्हणून तिच्यावर वाकळ किंवा जाड सतरंजी पसरावी आणि मच्छरदाणीच्या कडा सगळीकडून तिच्याखाली खोचाव्यात. लोंबती मच्छरदाणी म्हणजे उघडं दार. वाकळेचं टोक किंवा पांघरूणही जमिनीला टेकू देऊ नये, नाहीतर आपणच वर यायला शिडी लावून दिल्यासारखं होतं.

ही नुसती आमची समजूत नाही. नेपाळच्या तराईत सर्पदंशाचा अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका फारच कमी असतो, असं त्यात दिसून आलं. डास आणि विंचूही बाहेरच राहतात, तो फायदा वेगळा.

एक सावधगिरी सांगतो. मच्छरदाणीच्या आत विडी ओढू नये आणि डासांची अगरबत्ती लावू नये. आजच्या मच्छरदाण्या कृत्रिम धाग्याच्या असतात. त्या क्षणात पेटतात आणि वितळून अंगाला चिकटतात.

पाचटाबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. पाचट मऊ असतं, ऊबदार असतं आणि फुकट असतं, म्हणून थंडीत त्याची गादी करण्याचा मोह होतो. पण पाचटात उंदीर घर करतात आणि उंदरामागे साप येतो. पाचटाची जागा सरीत, सरीत कुजून ते खत होऊ द्यावं. अंथरुणाखाली त्याला जागा देऊ नये. भाकरीचे तुकडे, शेंगा, मक्याची कणसं हेही झोपण्याच्या जागेजवळ ठेवू नये.

ताडपत्री, तंबू की कोपी?

प्लॅस्टिकची विणलेली ताडपत्री ही सर्वांत हलकी आणि खिशाला परवडणारी. दुकानदार तिची जात जीएसएमवर सांगतो, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम ते. एका माणसाच्या बाजेवर १२ बाय ९ फुटांची ताडपत्री पुरते. १२० जीएसएमची घेतली तर ती सव्वा किलोच्या आत भरते, २०० जीएसएमची दोन किलोंच्या आसपास. चार रात्रींचं काम असेल तर पहिली, दोन-तीन हंगाम वापरायची असेल तर दुसरी. विकत घेताना कडेची भोकं पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या कड्यांची आहेत ना आणि कडेला आतून दोरी घातली आहे ना, हे बघावं. वाऱ्यात ताडपत्री फाटते ती कडेपासूनच.

उभारणी सोपी आहे. दोन मेढी रोवून पाच फुटांवर आडवी दोरी किंवा बांबू ताणावा. त्यावरून ताडपत्रीची बारा फुटांची बाजू दोन्हीकडे सारखी सोडली, की प्रत्येक उतार सहा फुटांचा होतो आणि खाली साडेसहा फूट रुंदी मिळते. मधे बाज बसते, उठून बसायला डोकं अडत नाही आणि उतार चांगला असल्याने पाणी साचत नाही. दोन्ही तोंडं मोकळी ठेवावीत. सगळीकडून बंद केलं तर श्वासाचीच वाफ आतून धरते आणि पाऊस नसतानाही पांघरूण ओलं होतं.

कापडी कॅनव्हासचा तंबू किंवा राहुटी टिकाऊ खरी, आत हवाही खेळती राहते. पण ती जड असते, आणि भिजली की दोघांना उचलावी लागते. ओली घडी करून ठेवली तर बुरशी धरते. दिंडीच्या ट्रकमधून न्यायची असेल तर ठीक, एकट्याने रानात न्यायला ती परवडत नाही.

लवचिक काड्यांचा घुमटासारखा तंबू आता तालुक्याच्या गावातही मिळतो. तो पिशवीत मावतो आणि एक माणूस उभारू शकतो. बाज नेता येत नाही अशा पायी चालणाऱ्या वारकऱ्याला तो सोयीचा. घेताना चार गोष्टी पाहाव्यात. तळ भिंतीला शिवलेला असावा. दार चेनचं असावं आणि चेन शेवटपर्यंत लागावी. खिडक्यांना बारीक जाळी असावी. आणि पावसासाठी वरून दुसरं वेगळं कापड असावं, कारण एकेरी कापडाचा तंबू दवाला पुरतो, पावसाला पुरत नाही. ‘दोन माणसांचा’ म्हणून जो विकतात त्यात दोघं खांद्याला खांदा लावूनच मावतात. सामान आत ठेवायचं असेल तर तिघांचा घ्यावा. नेण्याआधी अंगणात उभारून त्यावर दोन घागरी पाणी ओतून बघावं. गळका असेल तर घरीच कळतो. दार उघडं टाकून झोपलं तर तंबूचा काही उपयोग नाही, हेही ध्यानात ठेवावं. ज्यांचा मुक्काम बिनतळाच्या राहुटीत असेल, त्यांनी मच्छरदाणी बरोबर न्यावी आणि तिच्या कडा जाड सतरंजीखाली दाबून घ्याव्यात.

राहता राहिली बांबूची कोपी. महिना-दोन महिने एकाच जागी राहायचं असेल तर कोपीसारखं सुख नाही; वाढ्यांनी शाकारली की दुपारीही गार राहते. पण वाळलेल्या वाढ्यांना एक ठिणगी पुरते. चूल कोपीच्या बाहेर, वाऱ्याची दिशा बघूनच मांडावी.

जागा निवडताना

निवारा उसाच्या अगदी कडेला नको, दगडाच्या ताली आणि पाचटाचा ढीग यांपासूनही लांब असावा. आजूबाजूची दोन-तीन हात जागा साफ करून घ्यावी. एकट्या झाडाखाली मुक्काम करू नये. वळवाच्या दिवसांत वीज कडाडू लागली तर ताडपत्री असो वा तंबू, त्यात थांबू नये. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावं. विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलं आहे, ते घरातल्या पोराकडून फोनवर घालून घ्यावं.

ताडपत्रीची दोरी विजेच्या खांबाला किंवा खांबाच्या ताणतारेला कधीही बांधू नये. मोटरघरात झोपायची वेळ आलीच तर स्टार्टरच्या पेटीपासून लांब झोपावं, आणि तिथेही बाजेवरच. नदीकाठच्या मळीत पावसाळ्यात मुक्काम नको. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी कृष्णा-पंचगंगेच्या काठाला जे दाखवलं, ते सांगायला नको.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या बाजूला आणि जिथे जिथे बिबट्याने उसात बस्तान मांडलं आहे तिथे, वर सांगितलेलं काहीच पुरेसं नाही. उसातच त्याची पिल्लं होतात आणि वाढतात. कापड आणि जाळी त्याला अडवत नाहीत. अशा गावात चार भिंती आणि आतून कडी लागणारं दार हाच निवारा. पाण्याला एकट्याने जाऊ नये, हातात उजेड असावा आणि बोलत, आवाज करत चालावं.

दंश झालाच तर

रानात झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, जड पापण्या किंवा अडखळती जीभ घेऊन उठला, तर खूण दिसो वा न दिसो, मण्यारीचा संशय धरावा. जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. माणसाला चालवू नये. हात किंवा पाय हलणार नाही असा आधार देऊन १०८ ला फोन करावा, किंवा मिळेल त्या वाहनाने सरळ रुग्णालय गाठावं. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस या चारही सापांच्या विषावर मिळून बनवलेली असते, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. देवऋष्याकडे घालवलेला अर्धा तासही महागात पडतो.

सर्पदंशाने शेतकरी दगावला तर वारसाला २ लाख रुपयांचं सानुग्रह अनुदान मिळण्याची सोय राज्य सरकारच्या २०२३ च्या गोपीनाथ मुंडे योजनेत आहे. ते पैसे मागायची पाळी कुठल्याच सभासदाच्या घरावर येऊ नये, म्हणून हा खटाटोप.

फडावरच्या मंडळींसाठी

जाता जाता एक गोष्ट. हंगामात बीड-नगरकडची जी कोयता मंडळी आपला ऊस तोडायला येतात, त्यांचा मुक्काम एका रात्रीचा नसून चार-पाच महिन्यांचा असतो. कोप्यांतून लहान पोरं भुईवर झोपतात आणि आई पहाटेच्या अंधारात फडावर गेलेली असते. आपल्या रानात किंवा रानाशेजारी टोळी उतरली, तर घरातली वापरात नसलेली एखादी बाज आणि एक मच्छरदाणी त्या पोरांसाठी द्यावी. आपला ऊस वेळेत गाळपाला जातो, तो त्यांच्या जिवावर.

ज्या सभासदांनी घरच्या घरी सोयीची बाज, मचाण किंवा निवारा तयार केला असेल, त्यांनी मापं आणि आलेला खर्च गट ऑफिसात किंवा आपल्या चिटबॉयजवळ लिहून द्यावा. उपयोगाची माहिती पुढील अंकात अवश्य छापू. तोवर या पाळीला पाण्यावर निघताना टॉर्चबरोबर मच्छरदाणीही काखेत मारा.