ठिबकने पाणी वाचतं, पण कोणाचं?

जळगावच्या केळीबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. शहरातल्या गिऱ्हाइकाला वाटतं, प्रयोगशाळेतलं रोप, नळीतून दिलेलं खत आणि गॅसवर पिकवलेलं फळ, म्हणजे सगळंच कृत्रिम. रावेर-यावलच्या पट्ट्यात उलट बोललं जातं: ठिबक आणि टिश्यूचं रोप आलं की पुढची काळजी मिटली. दोन्ही समज तपासायला हवेत. केळीवर खानदेशातल्या हजारो घरांचं वर्ष चालतं, आणि ती पिते ते पाणी एकट्या बागायतदाराचं नसतं.

टिश्यू कल्चरचं रोप म्हणजे जनुक बदललेलं रोप, हा समज कापसाच्या मुलखात रुजला यात नवल नाही. बीटी कापूस 2002 पासून इथल्या शेतात आहे. पण केळीत बाहेरचं कुठलंही जनुक घातलेलं नसतं. निवडलेल्या झाडाच्या कंदातला वाढीचा कोंब निर्जंतुक करून बाटलीत, पोषक द्रव्यावर वाढवतात. त्याला फुटवे येतात, ते वेगळे करून पुन्हा वाढवतात आणि रोपं शेडनेटखाली उन्हावाऱ्याला सरावली की शेतात येतात. कंदाला पिलं फुटतात तोच हा प्रकार, फक्त बंद खोलीत आणि फार वेगाने.

भवरलाल जैन यांच्या जळगावच्या कंपनीने 1990च्या दशकात ग्रँड नैन वाणाची अशी रोपं शेतकऱ्यांपर्यंत नेली. पूर्वी बसराई वाणाचे कंद लावलेली बाग दीड वर्षापर्यंत रान अडवून बसायची. टिश्यूच्या रोपांची बाग वर्षाच्या आसपास कापणीला येते आणि जवळजवळ एकदमच निसवते. मजूर कधी बोलवायचे, गाडी कधी भरायची, व्यापाऱ्याला काय सांगायचं, हे त्यामुळे आधी ठरवता येतं. या रोपाचा मोठा फायदा माझ्या मते हाच आहे.

मात्र टिश्यूचं रोप रोगमुक्त असू शकतं, रोगप्रतिकारक नव्हे. हा फरक न कळल्याने पुष्कळांचं नुकसान होतं. मातृझाड विषाणूसाठी तपासलं नसेल तर प्रयोगशाळा रोगाच्याही हजारो प्रती काढते. आणि रोप स्वच्छ असलं तरी बागेत मावा असला, कडेला काकडीवर्गीय पिकं आणि तण असलं, की सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक) हा विषाणू शिरतो. त्यावर औषध नाही. रोगट झाड उपटून नष्ट करावंच लागतं, आणि तेही लवकर. शिवाय बसराई काय आणि ग्रँड नैन काय, दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्या. याच गटाला मारणारी मर रोगाची टीआर-4 ही जात बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडलेली आहे. सगळी बाग एकसारखी असणं सोयीचं असतं, पण रोग आला तर तेच अंगावर येतं. म्हणून दुसऱ्या भागातून कंद किंवा माती लागलेली अवजारं आणणं टाळलेलंच बरं.

गॅसवर पिकवलेल्या केळीबद्दलची भीती थोडक्यात निकाली काढता येते. कॅल्शियम कार्बाइडवर कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. रायपनिंग चेंबरमध्ये वापरतात तो इथिलीन वायू. पिकताना केळं स्वतःही तोच तयार करतं. बंद खोलीत तापमान, ओल आणि वायू मोजून ठेवला की सगळ्या फण्या सारख्या पिकतात आणि माल कमी वाया जातो.

आता ठिबक. इथे थांबून बोलायला हवं, कारण इथला गैरसमज चांगल्या जाणकारांतही आहे.

पाट फोडून, रात्री-अपरात्री दारं धरून पाणी दिलं की त्यातलं बरंचसं पिकाच्या कामाला येत नाही. काहीची वाफ होते, काही तणाला जातं, काही मुळांच्या खाली उतरतं. ठिबक ते मुळाशी, थोडं थोडं देतं. विद्राव्य खतंही त्यातूनच हप्त्याहप्त्याने देता येतात. तण कमी येतं, रात्रीची जागरणं वाचतात. हे सगळं खरं आहे. पण ठिबक म्हणजे नुसत्या नळ्या नव्हेत. विहिरीच्या पाण्यातली वाळू अडवायला फिल्टर हवा, क्षार साचले तर आम्लाची प्रक्रिया हवी, नळ्यांची टोकं उघडून त्या वेळोवेळी धुवायला हव्यात. नाहीतर वरच्या झाडाला भरपूर आणि शेवटच्याला थेंबही नाही, अशी बाग होते. आणि वीज आली की पंप चालू, गेली की बंद, असं चाललं तर ठिबकवरही पाणी वायाच जातं.

शिवाय ठिबकवरची केळी थोडक्या पाण्यावर भागवते असं नाही. दीड बाय दीड मीटरवर लागवड केली तर हेक्टरी 4,444 झाडं बसतात. मे महिन्यात मोठ्या झाडाला दिवसाला 20 लिटर धरलं तरी एका हेक्टरला रोज सुमारे 89 हजार लिटर लागतं. पाटपाण्यापेक्षा हे कमी आहे, पण थोडं नाही.

खरी अडचण पुढची आहे. दोन एकराच्या पाण्यात तीन एकर भिजतं म्हटल्यावर शेतकरी तिसरा एकर लावतोच, आणि त्याला दोष देता येणार नाही. मग उपसा पहिल्याइतकाच राहतो. त्यात पाटपाण्यातून जे मुळांखाली उतरत होतं त्यातलं काही विहिरीला परत मिळायचं, तेही आटतं. जगभरच्या सिंचनाच्या अभ्यासांत हे दिसून आलं आहे: शेताची कार्यक्षमता वाढली म्हणून खोऱ्यातलं पाणी वाढत नाही. रावेर-यावलमध्ये तर ठिबक पोचूनही भूजलाचा उपसा पुनर्भरणाला मागे टाकून गेला. विहिरी ज्याच्या त्याच्या, पण सातपुड्याच्या पायथ्याचा भूगर्भातला साठा एकच.

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत नेमका हाच प्रश्न आधी सोडवलेला होता. बंधाऱ्यातून पाटाने, केवळ उताराने पाणी यायचं. एका फडात एकच पीक. बंधाऱ्यात पाणी किती आहे ते पाहून त्या वर्षी किती फड भिजवायचे हे गाव मिळून ठरवायचं आणि ते पाळलं जातंय की नाही हे पाहायला माणसं नेमलेली असायची. अवजार साधं होतं, नियम मात्र पक्का. आज अवजार उत्तम आहे. राज्याच्या पूरक योजनेसह ठिबकला लहान शेतकऱ्याला 80 आणि इतरांना 75 टक्के अनुदान मिळतं. गावाने मिळून पाळायचा नियम मात्र नाही.

तापीच्या महाकाय पुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात 10 मे 2025 रोजी झाला. पुराचं पाणी पायथ्याच्या दगडगोट्यांच्या थरात जिरवण्याची ती कल्पना आहे. ती हवीच. शिरपूर तालुक्यात नाले रुंद-खोल करून पाणी जिरवल्याचा अनुभवही खानदेशाच्या गाठीशी आहे. पण भरणा वाढवताना उपसाही मोजला पाहिजे. पंपावर मीटर, पावसाळा संपताच गावातल्या विहिरींच्या पातळीची नोंद, आणि ती पाहून उन्हाळी केळी किती एकर ठेवायची याचा गावाचा निर्णय: या तिन्ही गोष्टींना नवं यंत्र लागत नाही, आणि त्या पुढच्या कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीच्या, लागवडीआधी सुरू करता येतील.