चांदीच्या भावात गेलेली चित्रे

रविवार पेठेतील आमच्या सराफी पेढीवर माझ्या लहानपणी एक झारेकरी येत असे. कारागिरांच्या बैठकीखालची धूळ, मुशींची राख, जुनी पायपुसणी असा सारा कचरा तो तोलून विकत घेई आणि त्यातून सोन्या-चांदीचे कण वेगळे काढी. धुळीतही मोल असते, हा धडा व्यापारी घरात कोणाला शिकवावा लागत नाही. तरीही याच धड्यामुळे आपल्या देशाची एक अमोल ठेव कशी नाहीशी झाली, हे मला कळले ते ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपट पाहिल्यावर. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी 2012 साली पूर्ण केलेला हा सुमारे अडीच तासांचा माहितीपट पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे शिल्पकार पी. के. नायर यांच्यावर आहे.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी एक तांत्रिक बाब सांगणे आवश्यक आहे. जुन्या कृष्णधवल फिल्मवर चांदीच्या क्षारांचा लेप असतो. प्रकाश पडलेल्या जागी रसायनांच्या क्रियेने त्या क्षारांची शुद्ध चांदी होते आणि तिच्या सूक्ष्म कणांतूनच पडद्यावरची आकृती उमटते. म्हणजे चांदी ही चित्राखालची पाटी नव्हे. चित्र म्हणजेच चांदी. ती काढून घेतली की मागे उरते पारदर्शक पट्टी. सेल्युलॉइडच्या त्या पट्टीलाही गिऱ्हाईक होते. वितळवून तिच्या बांगड्या आणि पिशव्या होत. चित्रपट गावोगाव फिरून कमाई संपली की निर्मात्याच्या लेखी तो पडून राहिलेला माल ठरे. त्यातच नायट्रेटची फिल्म अत्यंत ज्वालाग्राही! एकदा पेटली की ती स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे पाण्यातही विझत नाही. असा माल गोदामात ठेवणे म्हणजे भाडे भरून आग सांभाळणे. तेव्हा तो मोडीत काढणाऱ्या व्यापाऱ्याला मूर्ख कसे म्हणावे? त्याचा हिशेब त्याच्यापुरता चोखच होता.

या हिशेबाचा निकाल मात्र भयंकर आहे. मूकपटांच्या काळात भारतात हजाराहून अधिक चित्रपट निघाले; त्यांतील पूर्ण वा अपूर्ण अवस्थेत हाती लागलेले अगदी मोजके. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ 1925 सालचा. तरुण शांतारामबापू त्यात शेतकऱ्याच्या भूमिकेत होते. सावकारी आणि जमीन यांवरचा तो मराठी मातीतला चित्रपट आपल्या समाजाने आवर्जून पाहावा असा, पण मूकपट म्हणून तो आज कोठेही उपलब्ध नाही. पुढे 1936 साली त्याच कथेवर काढलेल्या बोलपटावरच समाधान मानावे लागते.

नायर यांचा जन्म 1933 साली तिरुवनंतपुरमचा. बालपणी तंबूतल्या खेळांना जाऊन वाळूवर बसून त्यांनी चित्रपट पाहिले. घरच्यांना हा नाद पसंत नव्हता. मुलगा मात्र तिकिटांचे अर्धे तुकडे आणि वजनकाट्यातून बाहेर पडणारी कार्डेसुद्धा जपून ठेवी. चित्रपट काढण्याची इच्छा घेऊन ते मुंबईला आले. आपल्या अंगी दिग्दर्शकाचे गुण नाहीत, हे त्यांनी लवकरच ओळखले. (हे ओळखायलाही मोठे मन लागते.) 1961 साली ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन साहाय्यक झाले. ही संस्था म्हणजे 1933 साली कोल्हापूरहून पुण्यास आलेल्या ‘प्रभात’चा जुना स्टुडिओ. 1964 च्या फेब्रुवारीत चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी नायर तेथे रुजू झाले. 1991 साली संचालक म्हणून निवृत्त होईपर्यंत त्यांनी सुमारे बारा हजार चित्रपट जमवले; त्यांपैकी सुमारे आठ हजार भारतीय.

आकडे लिहिणे सोपे असते. प्रत्यक्षात एका चित्रपटाचे दहा-पंधरा डबे, ते कोणाच्या तरी माळ्यावर, गोठ्यात, बंद पडलेल्या स्टुडिओत किंवा भंगारवाल्याकडे पडलेले. कुटुंबात वाटण्या झालेल्या, मालकी कोणाची हे ठाऊक नाही. चित्रपटाची प्रत सरकारजमा करण्याची सक्ती करणारा कायदाही नव्हता. नायर यांच्या हाती फक्त विनवणी होती. आपल्यापैकी ज्यांनी थकलेली उधारी वसूल करण्यासाठी जिने झिजवले आहेत, त्यांना या कामाची कल्पना यावी. फरक इतकाच, की येथे समोरच्यावर कसलेही देणे नव्हते. दादासाहेब फाळके यांच्या नाशिकच्या कुटुंबीयांपर्यंत ते पोहोचले. ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ यांचे जे भाग आज आपण पाहू शकतो, ते या पायपिटीमुळे.

सगळीकडे यश आले असे नाही. ‘आलम आरा’ हा 1931 सालचा पहिला भारतीय बोलपट. तो काढणारे अर्देशिर इराणी वृद्धापकाळी हयात असताना नायर त्यांना भेटले. काही रिळे स्टुडिओत असतील, असे इराणी म्हणाले. पुढे त्यांच्या मुलाने नायर यांना बाजूला घेऊन खरी गोष्ट सांगितली: चांदी काढून घेऊन ती रिळे त्याने स्वतःच निकालात काढली होती. वडिलांना याचा पत्ताही नव्हता. माहितीपट पाहिल्यानंतर कितीतरी दिवस हा प्रसंग माझ्या मनातून जाईना. त्या मुलाने चोरी केली नव्हती, कोणास फसवले नव्हते. पडून असलेल्या मालाचे चार पैसे केले. माझ्या वडिलांनी आणि मीही दुकानात अनेकदा तेच केले आहे. वितळवण्यासाठी आलेली जुन्या घडणीची पैंजणे, करंडे, अत्तरदाण्या मुशीत टाकताना आम्ही कोठे थांबलो? वजन आणि भाव यांपलीकडे त्या वस्तूंवर काही होते का, हे पाहण्याची आम्हाला सवय नव्हती.

डुंगरपूर हे स्वतः फिल्म इन्स्टिट्यूटचेच विद्यार्थी. नायर यांचे दर्शन त्यांना विद्यार्थिदशेत अंधाऱ्या चित्रपटगृहातच घडले. हातात छोटी विजेरी, मांडीवर वही, आणि चित्रपट चालू असताना नोंदी करणारे गृहस्थ! कोणते दृश्य कितव्या रिळात आहे हे नायर न पाहता सांगत, अशी साक्ष त्यांचे अनेक जुने विद्यार्थी देतात. मला त्या वहीत आपली रोजकीर्द दिसली. माल कोठे, किती, कोणत्या स्थितीत, याची त्या त्या दिवशी नोंद झाली नाही तर भरलेली वखारही रिकामीच समजावी.

माहितीपटाच्या छायांकनास एकूण अकरा छायाचित्रकारांनी हातभार लावला. श्याम बेनेगल, गुलजार, नसीरुद्दीन शाह, जया बच्चन, पोलंडचे झानुसी अशी मोठी मंडळी त्यात नायर यांच्याविषयी बोलतात. मला अधिक भावली ती कर्नाटकातील हेग्गोडूची माणसे. तेथील ‘नीनासम’ संस्थेकडे नायर यांनी संग्रहालयातले चित्रपट पाठवले. सुपारीच्या बागांत राबणारे शेतकरी तेथे ‘पथेर पांचाली’ आणि ‘बायसिकल थीव्ह्ज’विषयी घरच्या गोष्टीसारखे बोलतात. जपलेली वस्तू कुलुपात ठेवायची की लोकांसमोर आणायची, या प्रश्नावर नायर यांची बाजू येथे स्पष्ट होते.

एक तक्रार मात्र नोंदवली पाहिजे. माहितीपट लांबला आहे, आणि नामवंतांच्या स्तुतीचे काही भाग गाळले असते तर नायर यांच्या एकटेपणासाठी जागा उरली असती. तरीही त्याला दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले ते योग्यच. 2013 साली 3 मे रोजी, ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्याला बरोबर शंभर वर्षे झाली त्या दिवशी, तो आपल्याकडे चित्रपटगृहांत लागला. पुढच्या वर्षी डुंगरपूर यांनी चित्रपट जतनासाठी ‘फिल्म हेरिटेज फाउंडेशन’ ही संस्था काढली. नायर 2016 च्या मार्चमध्ये पुण्यातच निवर्तले. जमवलेलेही किती अस्थिर असते, याचा प्रत्यय त्यांना हयातीतच आला होता. 2003 च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठारास आग लागली आणि कितीतरी जुन्या नायट्रेट प्रती जळून गेल्या.

माहितीपट संपला त्या रात्री मी आमच्या माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. काकांच्या विवाहाचे आठ मिलिमीटरचे रीळ तीत असल्याचे आठवत होते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला; जुनी फिल्म कुजू लागल्याची ती खूण असते, हे आता मला ठाऊक होते. प्रोजेक्टर तर कधीच मोडीत गेला होता. मग पेढीवरचे भिंग आणले आणि दिव्यापुढे पट्टी धरून दादांना एकेक चौकट दाखवू लागलो.

“ही बाई आपली,” दादा म्हणाले. “आणि हा दारापाशी उभा आहे तो कोण रे?”

“मला कसे ठाऊक असणार, दादा? माझा जन्म नंतरचा.”

दादांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावले. बराच वेळ पाहिले. मी वही उघडून ठेवली होती: विवाहाचे साल, गाव, कार्यालय, ओळखलेल्यांची नावे. दारातल्या माणसाच्या पुढची जागा रिकामी ठेवली. सकाळी आत्याला फोन करून विचारू, असे दादा म्हणाले, आणि रीळ डब्यात परत ठेवण्याआधी त्यांनी ती चौकट आणखी एकदा पाहायला मागितली.