आचार की अचल? (जुनी प्रवासवर्णने आणि त्यांचे अनुवाद : लेखांक सातवा)

गेल्या आठवड्यात आपण चिनी प्रवासी भिक्षू युआन श्वांग याच्या प्रवासग्रंथाची जन्मकथा पाहिली. इ.स. ६४५ मध्ये तो चीनला परतला, आणि त्याने सांगितलेली हकिगत बियान्जी या भिक्षूने ६४६ मध्ये लिहून पूर्ण केली. आज त्यातल्या आपल्या घरच्या पानाकडे वळू. महाराष्ट्राच्या पानाकडे.

देशाचे नाव चिनी अक्षरांत मो-हो-ला-चा. राजा पु-लो-कि-शे, म्हणजे बदामीचा चालुक्य दुसरा पुलकेशी. लोक स्वाभिमानी, उपकार न विसरणारे. सूड घ्यायचा तरी शत्रूला आधी सावध करणारे. हे वर्णन मराठी वाचकाला सुखावते आणि तो पुढे सरकतो. अनुवादकाला मात्र नावांपाशी थांबावे लागते.

चिनी लिपीत परकी नावे लिहिण्याचे दोन मार्ग होते. एक, आवाजाला जवळची अक्षरे जुळवायची. दुसरा, अर्थच चिनीत आणायचा. याच पानावर हर्षवर्धनाचे ‘शीलादित्य’ हे नाव ‘शील’ आणि ‘सूर्य’ या अर्थांच्या दोन अक्षरांत उतरले आहे. पुलकेशी आवाजाने आला, हर्ष अर्थाने.

आवाजाने आलेली नावे जास्त फसवतात. चिनीत ‘र’ आणि ‘ल’ वेगळे लिहिण्याची सोय नव्हती. ‘लो’ हे एकच अक्षर पुलकेशीच्या नावात ‘ल’साठी येते आणि ‘अर्हत’साठीच्या ओ-लो-हान या शब्दात ‘र’साठी. स्तानिस्लास ज्युलियाँ यांनी १८५७-५८ मध्ये या ग्रंथाचा फ्रेंच अनुवाद केला आणि १८६१ मध्ये अशी संस्कृत नावे उलगडण्याच्या पद्धतीवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्या कष्टाशिवाय पुढचे अनुवाद उभे राहिलेच नसते.

आता खरा पेच. महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरात, दरीत कोरलेला एक विहार युआन श्वांग वर्णितो. दाराशी दगडी हत्ती आहेत. हे अजिंठा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो बांधणाऱ्या अर्हताचे नाव ओ-चे-लो. शेवटचे अक्षर तेच दुतोंडी ‘लो’. मग आचार की अचल? युआन श्वांगने स्वतः चिनी अर्थ दिला आहे, तो ‘आचरण’ असा. म्हणजे त्याच्या मनात ‘आचार’ होते. पण अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातल्या संस्कृत शिलालेखात शैलगृह करवणाऱ्या स्थविराचे नाव स्पष्ट आहे : अचल.

सॅम्युएल बील यांनी १८८४च्या इंग्रजी अनुवादात मजकुरात ‘आचार’च ठेवले आणि शिलालेखातला अचल टिपेत दिला. मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो. शिलालेख पाहून मजकुरातच ‘अचल’ छापले असते, तर नाव बरोबर झाले असते, पण प्रवाशाने ते कसे समजून घेतले याचा पुरावा पुसला गेला असता. कैक पिढ्यांमागचे एक नाव कानोकानी बदलत सातव्या शतकातल्या भिक्षूपर्यंत ‘आचार’ होऊन पोचले असेल, ही शक्यताच मग कुणाला सुचली नसती.

राजधानीचेही तसेच. युआन श्वांग तिचे नाव सांगत नाही, फक्त पश्चिमेला मोठी नदी असल्याचे सांगतो. काहींनी नाशिक सुचवले आहे. अनुवादकाने मजकुरात ‘नाशिक’ घालणे म्हणजे प्रवाशाच्या तोंडी आपला तर्क घालणे.

मराठीत आपण हा ग्रंथ प्रामुख्याने इंग्रजीवाटे ओळखतो. प्रवाशाचे नावही तसेच : ह्युएनत्संग आणि युआन श्वांग ही रूपे युरोपीय अनुवादकांच्या वेगवेगळ्या स्पेलिंगांवरून आली. म्हणून आपल्याकडच्या अनुवादकांना विनंती आहे : प्रत्येक नावाशेजारी मूळ चिनी उच्चार छापा, आणि त्या नावाची तुम्ही पटवलेली ओळख टिपेत द्या.

पुढच्या आठवड्यात ‘ली’ या अंतराच्या मापाविषयी. तोवर अजिंठ्याला जाणे झालेच, तर सोळाव्या लेण्याच्या दाराशी असलेले दोन दगडी हत्ती पाहा आणि मग सव्विसाव्या लेण्यातला तो लेख.