पावसाळ्यातली गाडी

आमच्या लोणावळ्यात पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गेल्या वर्षी ह्यांची नागपूरला बदली झाली आणि गाडी जूनपासून प्लॅस्टिक गुंडाळून अंगणात उभी. गणपतीत एका रात्री सासूबाईंना दम लागला, तर गाडी हूं की चूं करेना! उंदरांनी वायरी कुरतडलेल्या, सीटवर बुरशी, हँडब्रेक ओढून ठेवल्यानं चाकं जाम. शेवटी शेजाऱ्यांच्या टेम्पोतून तळेगाव गाठलं. त्या वाटेवर जीव नुसता मुठीत.

यंदा प्लॅस्टिक काढून टाकलं, वर पत्रा घातला. हवा खेळायला हवी ना! हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवते, चाकांना विटा लावते. मेकॅनिक म्हणाला, बॅटरीची वायर काढून ठेवा. पण घरात आजारी माणूस असताना कशी काढू? त्यापेक्षा दर रविवारी मीच कामशेतपर्यंत फिरवून आणते. बॉनेटखाली उंदराच्या लेंड्या मात्र अजून सापडतात हो!