'सॉल्व्हंट' : फेडणारा शब्द

तहसील कार्यालयातून ठेकेदार आणि जामीनदार जो ऐपतीचा दाखला घेतात, त्याला इंग्रजीत 'सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट' म्हणतात. सोयाबीनमधून हेक्झेनच्या मदतीने तेल काढणाऱ्या कारखान्यालाही 'सॉल्व्हंट प्लांट' म्हणतात. पैशाची ऐपत आणि तेल विरघळवणारे रसायन यांना एकच शब्द कसा?

त्याचे उत्तर लॅटिनमधील 'सोल्वेरे' या क्रियापदात आहे. त्याचा मूळ अर्थ सैल करणे, सोडवणे. रोमन कायद्यात कर्ज हे बंधन मानले जाई. ते चुकते केले की माणूस बंधनातून सुटे. त्यामुळे या क्रियापदाला 'देणे चुकवणे' हा अर्थही आला. मराठीतले 'फेडणे' असेच आहे. गाठ फेडतात, वस्त्र फेडतात आणि कर्जही फेडतात.

रसायनशास्त्रातही सोडवणेच असते. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोराइडचे आयन घट्ट बांधलेले असतात. पाण्याचे रेणू त्यांना वेढून एकेक करून मोकळे करतात. तेलापुढे मात्र पाण्याचे काही चालत नाही. तिथे हेक्झेन लागते. पाण्याच्या ताकदीलाही मर्यादा आहे. नेहमीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. त्याहून जास्त घातलेले तळाशी बसते.

कंपनीचेही तसेच. देणी मालमत्तेहून जास्त झाली की ती 'इन्सॉल्व्हंट' ठरते. आज हाताशी रोकड आहे का, हा तरलतेचा प्रश्न. सगळी देणी फेडण्याइतके मुळात आहे का, हा सॉल्व्हन्सीचा.

आरोग्य विमा घेणाऱ्यांसाठी हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपण आज हप्ता भरतो, पण रुग्णालयाचे बिल कदाचित वीस वर्षांनी येते. तेव्हा पैसे देण्याची कंपनीची ऐपत टिकलेली हवी. म्हणून विमा नियामक आयआरडीएआयने 'सॉल्व्हन्सी रेशो' किमान १.५ ठेवण्याचे बंधन घातले आहे. म्हणजे देणी वजा जाता कंपनीकडे उरणारी मालमत्ता नियमाने ठरवलेल्या रकमेच्या निदान दीडपट हवी. हा आकडा कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावा लागतो.

आपला दावा मंजूर होईलच, याची तो हमी देत नाही. त्यासाठी पॉलिसीच्या अटी वाचाव्याच लागतात. पण मंजूर झालेले दावे फेडण्याची ऐपत त्यातून कळते. पॉलिसी निवडताना हप्त्याच्या आकड्याबरोबर हाही आकडा जरूर पाहावा.